खासदार झालेल्या तिघी आणि ग्रामसभेतल्या जावा

2004 च्या लोकसभा निवडणुकीत मराठवाड्यातल्या आठ मतदारसंघांपैकी तीन मतदारसंघांनी स्त्रियांना निवडून दिल्लीला पाठवले होते, ही गोष्ट आज आमच्याकडच्या तरुण कार्यकर्त्यांना सांगितली तर त्यांचा पटकन विश्वास बसत नाही. हिंगोलीतून राष्ट्रवादी काँग्रेसच्या सूर्यकांता पाटील, लातूरमधून भारतीय जनता पक्षाच्या रूपाताई पाटील निलंगेकर आणि तेव्हाच्या उस्मानाबादमधून शिवसेनेच्या कल्पना नरहिरे अशा तीन वेगवेगळ्या पक्षांच्या या तिघी होत्या. सूर्यकांताताई केंद्रात ग्रामविकास खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. रूपाताईंनी तर लातूरमधून सलग सात वेळा निवडून आलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांचा पराभव केला होता. (पराभूत झालेले चाकूरकर राज्यसभेतून जाऊन देशाचे गृहमंत्री झाले आणि विजयी झालेल्या रूपाताईंचे नाव आज लातूर जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला आठवत नाही, हेही जाता जाता नोंदवून ठेवते.)

पाच वर्षांनी, 2009 मध्ये, आठही जागांवर पुरुष निवडून आले. मतदारसंघांची पुनर्रचना झाली होती. लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव झाले, त्यामुळे रूपाताईंची वाट बंद झाली. उस्मानाबादचे आरक्षण उठले आणि तिथे कल्पनाताईंच्या जागी पक्षाने दुसरा उमेदवार दिला. सूर्यकांताताई हिंगोलीतून लढल्या, पण पडल्या. कारणे तिघींची वेगळी असली तरी फळ एकच होते, आणि मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या तिघी गेल्यावर त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी स्त्रिया उभ्या राहिल्या नाहीत. पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर 2014 च्या पोटनिवडणुकीत बीडमधून प्रीतम मुंडे प्रचंड मताधिक्याने निवडून आल्या आणि 2019 मध्ये पुन्हा आल्या. 2024 मध्ये पंकजा मुंडे थोडक्या मतांनी हरल्या आणि मराठवाड्याची पाटी पुन्हा कोरी झाली.

एक बाई पुढे गेली की तिच्यामागून दहा जणी येतात, असे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. आठ मार्चच्या कार्यक्रमांत मीही ते अनेकदा ऐकले आहे, आणि महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत असताना विद्यार्थिनींना थोड्या वेगळ्या शब्दांत सांगितलेही आहे. आता मला वाटते की हे विधान निम्मेच खरे आहे, आणि कोणते निम्मे खरे आहे हे त्या बाईची खुर्ची किती उंच आहे यावर नव्हे, तर ती आपल्या दारापासून किती अंतरावर आहे यावर ठरते. खासदार-आमदार झालेल्या स्त्रियांनी मराठवाड्यातल्या बायकांना सभेला आणले, मतदान केंद्रापर्यंत आणले, पण उमेदवारीपर्यंत आणले नाही. ते काम केले ते ग्रामपंचायतीतल्या, पुष्कळदा अर्धशिक्षित आणि वर्तमानपत्रात कधीच नाव न आलेल्या बायांनी.

हे माझे केवळ मत नाही. सोनिया भालोत्रा, इर्मा क्लॉट्स-फिगेरास आणि लक्ष्मी अय्यर या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या राज्य विधानसभांच्या निवडणुकांचा याच प्रश्नासाठी अभ्यास केला आणि तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या मतदारसंघात स्त्री निवडून आली तर पुढच्या निवडणुकीत मोठ्या पक्षांच्या उमेदवारांत स्त्रियांचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. पण ही वाढ कशाने होते, हे पाहिले की उत्साह ओसरतो, कारण ती मुख्यतः आधी उभ्या राहिलेल्या स्त्रियाच पुन्हा उभ्या राहिल्याने होते. नव्या स्त्रिया मैदानात येत नाहीत, शेजारच्या मतदारसंघावर काही परिणाम होत नाही आणि स्त्रियांचे मतदानही त्यामुळे वाढत नाही. म्हणजे विमलताई मुंदडा केजमधून 1990 पासून 2012 मधल्या त्यांच्या निधनापर्यंत सलग निवडून येत राहिल्या, पण त्यामुळे परळीत, माजलगावात किंवा आष्टीत दुसरी विमलताई उभी राहिली असे झाले नाही. केजमध्ये पुढे आल्या त्या त्यांच्या सूनबाई नमिता मुंदडा. मराठवाड्यातली ही आमदारकी सासूकडून सुनेकडे गेली, हेच मुळात दुर्मीळ आहे आणि मला ते मनापासून आवडते, कारण आपल्याकडे वारसा बहुधा मुलाकडे जातो. तरीही ती एका घराची गोष्ट झाली, तालुक्यातल्या बायकांची नव्हे.

याच्या उलट चित्र ग्रामपंचायतींत आणि महापालिकांच्या प्रभागांत दिसते. रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेचा अभ्यास केला होता. 1997 च्या निवडणुकीत जे प्रभाग स्त्रियांसाठी राखीव होते आणि 2002 मध्ये खुले झाले, त्या प्रभागांत स्त्री निवडून येण्याची शक्यता, पूर्वी राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. आरक्षण उठले तरी बाई टिकली. पश्चिम बंगालमधल्या ग्रामपंचायतींवर लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातही हेच दिसते. जिथे प्रधानपद, म्हणजे तिथले सरपंचपद, सलग दोन निवडणुकांत स्त्रियांसाठी राखीव राहिले होते, तिथे पुढे अधिक स्त्रिया उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. सलग दोन मुदती हा तपशील लक्षात ठेवावा, त्याकडे मी पुढे येणार आहे.

आकड्यांनी घटना कळते, पण ती का घडते ते कळत नाही. ते मला कळले ते 2016 च्या उन्हाळ्यात, जेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते आणि आमच्या बीड जिल्ह्यात गावोगाव टँकर फिरत होते. पाण्याच्या पाहणीसाठी मी विद्यार्थिनींना घेऊन केज तालुक्यातल्या एका गावात गेले होते. एक मेच्या ग्रामसभेआधीची महिला सभा त्या दिवशी शाळेच्या वर्गात भरली होती. नियमित ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशी तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे, हे कित्येक गावांना ठाऊकही नसते. पुष्कळ ठिकाणी ही सभा प्रोसिडिंग बुकातच भरते आणि शिपाई घरोघर फिरून सह्या-अंगठे घेऊन येतो. इथे मात्र ती खरोखरच भरली होती. ऊसतोडीला गेलेल्या जोड्या नुकत्याच गावी परतल्या होत्या, त्यामुळे गर्दी बरी होती. सतरंजीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, खुर्चीवर सरपंचबाई, शेजारी ग्रामसेवक, आणि बाहेर ओट्यावर, उघड्या दारातून सगळे ऐकू येईल अशा बेताने, सरपंचबाईंचे मालक.

ग्रामसेवकाने विषय वाचले तोवर कोणी काही बोलले नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली, ‘सरपंचबाई, तुमचं टँकर बाराला येतंय. बाराला आमी रानात असतो. पाणी भरायला पोरी शाळा बुडवितेत.’ ग्रामसेवक समजावू लागला की खेपा तहसीलमधून मंजूर होऊन येतात, आपल्या हातात काही नाही. सरपंचबाई एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘खेपा हाय तेवढ्याच राहू द्या, सायेब. वेळ बदलायला कुणाची मंजुरी लागती?’ ओट्यावरून खाकरण्याचा आवाज आला. सरपंचबाईंनी तिकडे पाहिले नाही. सकाळी सातच्या आत टँकर यावा असे पुस्तकात लिहून घेतल्यावरच पुढचा विषय आला, आणि मग हातपंप, शाळेमागची दारू, अंगणवाडीचे कुलूप असे एकामागून एक निघत गेले.

सभा संपल्यावर मी त्या म्हातारीला विचारले की आधीच्या सरपंचांना हे का सांगितले नाही. ते तर भले गृहस्थ होते, कोणाचे ऐकून घेत नसत असेही नव्हते. ती म्हणाली, ‘त्यास्नी कसं सांगावं? माज्या सुनंचा त्यो चुलत सासरा लागतो, आन् मला चुलत दीर. तेच्याम्होरं पोरी बोलत्यात व्हय?’

मला या उत्तराने जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही अहवालाने शिकवलेले नाही. आपल्या गावांतल्या जवळजवळ सगळ्या प्रौढ स्त्रिया त्या गावच्या सुना असतात. त्या गावात जन्मलेल्या मुली लग्न होऊन दुसरीकडे जातात आणि तिथे सुना होतात. त्यामुळे गावातला प्रत्येक वयस्क पुरुष नात्याने नसला तरी मानाने सासरा किंवा भाया, म्हणजे थोरला दीर, असतो, आणि त्याच्यासमोर पदर सावरून गप्प बसणे ही रीत असते. ग्रामसभा म्हणजे अशा सगळ्या भाया-सासऱ्यांची एकत्र बैठक. तिथे उभे राहून ‘आमच्या गल्लीत पाणी येत नाही’ असे म्हणणे हे बाईसाठी नुसते नागरिक म्हणून बोलणे नसते, तर रीत मोडणे असते. खुर्चीवर जाऊ किंवा नणंद बसली की ही अडचण एका दिवसात संपते असे नाही, पण बोलण्याला निदान तोंड मिळते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी 2004 मध्ये दाखवून दिले होते की पश्चिम बंगाल आणि राजस्थान या दोन्ही राज्यांत स्त्रीप्रमुख असलेल्या पंचायती पिण्याच्या पाण्यावर अधिक काम करतात, आणि बंगालमध्ये अशा गावांत स्त्रियांचा सभेतला सहभागही वाढतो. पाणी बाईच्या डोक्यावर असते म्हणून बाई पाण्याचे काम करते, असे त्याचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. आमच्या भागापुरते मी त्यात एवढी भर घालीन की बाईकडे तक्रार घेऊन जायला बायकांना आडपडदा लागत नाही.

खासदारबाईंच्या बाबतीत हे घडणे शक्यच नसते. त्यांच्या सभेला मी गेले आहे आणि पंकजा मुंडे यांच्या सावरगावच्या दसरा मेळाव्याला लोटणारी बायकांची गर्दीही पाहिली आहे. त्या गर्दीत लेकरू कडेवर घेऊन उन्हात तासन् तास उभ्या राहणाऱ्या बायकांच्या डोळ्यांतला अभिमान खोटा नसतो, आणि ऊसतोड कामगारांच्या घरातल्या मुलीला आपल्यातली एक ताई मंत्री होते हे पाहून जे वाटते, ते मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही. पण मेळाव्याहून परत आल्यावर तीच बाई ग्रामसभेत भायासमोर बसते आणि तिथे ताई नसतात.

केशरकाकू क्षीरसागर यांचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते, कारण त्या दोन्ही टोकांना स्पर्श करतात. नवगण राजुरीसारख्या गावातून, सरपंचपद आणि पंचायत समिती अशी एक एक पायरी चढत, कसलेही आरक्षण नसलेल्या काळात त्या आमदार झाल्या आणि 1980, 1984 आणि 1991 मध्ये बीडच्या खासदार झाल्या. संख्येने लहान असलेल्या समाजातली बाई बीडसारख्या जिल्ह्यात तीन वेळा लोकसभा जिंकते, हा साधा पराक्रम नव्हता. जुन्या पिढीतल्या बायका आजही त्यांना ‘काकू’ याच नावाने ओळखतात. 1996 मध्ये बीडने पुन्हा एका स्त्रीला, रजनी पाटील यांना, निवडून दिले, म्हणजे या जिल्ह्याला बाईला मत देण्याचे वावडे कधीच नव्हते. तरी काकूंच्या नंतर त्यांचे राजकारण मुलांकडे आणि नातवाकडे गेले. यात त्या घराला दोष देण्यासारखे काही नाही, कारण सगळ्या राजकीय घरांत हेच होते. पण ज्या शिडीने काकू चढल्या, ती शिडी दुसऱ्या बायकांसाठी तिथेच उभी राहिली का, हा प्रश्न विचारायला हवा.

ती शिडी राज्याने आणि मग देशाने कायद्याने उभी केली. महाराष्ट्राने 1990 मध्येच स्थानिक संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा दिल्या होत्या. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, आणि त्याच वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. या दोन घटना एका वर्षात घडल्या, याचा लातूर-उस्मानाबादच्या बायकांवर झालेला एकत्रित परिणाम अजून पुरता लिहिला गेलेला नाही, असे माझे मत आहे. पुनर्वसनाच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या होत्या. कोणाच्या घराला किती अनुदान, भिंतीत किती सळई, इंजिनिअर आला की नाही, हे पाहायचे आणि गावाला समजावून सांगायचे काम त्या करत. उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या बायका सिमेंटच्या गोण्या मोजू लागल्या, तहसीलच्या पायऱ्या चढू लागल्या. पुढे पंचायतीच्या राखीव जागा आल्या तेव्हा त्या भागात उमेदवार शोधावे लागले नाहीत. त्यांच्यापुढे कोणी मोठी पुढारीण नव्हती. शेजारच्या गावातली, काल आपल्यासारखीच असलेली बाई अधिकाऱ्याशी बोलताना त्यांनी पाहिली होती, आणि तेवढे पुरेसे होते.

2011 मध्ये महाराष्ट्राने हे आरक्षण पन्नास टक्क्यांवर नेले. आज आमच्या भागातल्या निम्म्या गावांना बाई सरपंच आहे किंवा होऊन गेली आहे. याचा विषय निघाला की शहरातले लोक लगेच ‘सरपंचपती’ म्हणून हसतात. ते हसणे मला आता कंटाळवाणे वाटते. होय, गावात ‘सरपंच’ म्हणून हाक मारली की नवराच वळून पाहतो, आणि बैठकीत तोच बोलतो. पण पहिल्या वर्षाची सरपंचबाई आणि चौथ्या वर्षाची सरपंचबाई या एकच नसतात. चेकवर तिची सही लागते, म्हणून तरी ग्रामसेवकाला तिच्या दारात यावे लागत असे, कशाची सही आहे हे सांगावे लागत असे, आणि त्या सांगण्यातून ती शिकत असे. दुर्दैवाने आता वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन जातो. सरपंचाची डिजिटल सही एका डोंगलमध्ये असते आणि तो डोंगल नवऱ्याच्या खिशात किंवा संगणक परिचालकाच्या खणात असतो. पारदर्शकतेसाठी आणलेल्या या सोयीने बायकांच्या हातातली सहीच काढून घेतली, हे मंत्रालयातल्या कोणाच्या लक्षात आले आहे का, मला माहीत नाही. निवडून आलेल्या स्त्रियांच्या नावाने नवऱ्यांनी कारभार करू नये म्हणून केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने 2023 मध्ये समिती नेमली. अशा समितीने आधी त्या डोंगलकडे पाहायला हवे.

तरीही सगळ्यात मोठे नुकसान नवरे करत नाहीत, ते सोडत करते. आरक्षण चक्रानुक्रमे फिरते. एका मुदतीत गाव स्त्रीसाठी राखीव, पुढच्या वेळी तहसील कार्यालयात चिठ्ठी निघते आणि ते खुले होते किंवा दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते. बाईला कारभार समजायला तीन वर्षे लागतात, लोकांना बाईचे सरपंचपण अंगवळणी पडायला पाच, आणि नेमके तेव्हाच जागा हलते. बंगालमध्ये जो फरक दिसला तो सलग दोन मुदतींनंतर दिसला, हे वर सांगितलेच आहे. तामिळनाडूने आरक्षण सलग दोन मुदती एकाच जागी ठेवण्याची पद्धत स्वीकारली, ती मला शहाणपणाची वाटते. आपण मात्र नियमही वारंवार बदलतो. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असे 2017 मध्ये ठरले, 2020 मध्ये ते रद्द झाले, 2022 मध्ये पुन्हा आले. मधल्या काळात 2021 मध्ये तर सरपंचपदाची सोडत निवडणुकीनंतर काढली गेली. कोणत्या पदासाठी लढायचे आहे हेच जिथे आधी कळत नाही, तिथे घरातून परवानगी मिळवावी लागणारी बाई तयारी कधी करणार?

त्यात दोन अपत्यांची अट आहे. सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले असेल तर पंचायतीची उमेदवारी बाद होते. लोकसंख्येच्या दृष्टीने त्यात काही तर्क असेल, पण किती मुले व्हावीत हे ज्या घरांत बाई ठरवत नाही, मुलगा होईपर्यंत जिथे थांबू दिले जात नाही, त्या घरांतल्या बाईला तिच्यावर लादलेल्या गोष्टीची शिक्षा मिळते. मी ओळखत असलेल्या चांगल्या, बोलक्या, बचत गट उत्तम चालवणाऱ्या बायकांपैकी कित्येक जणी याच एका कारणाने कायमच्या बाहेर राहिल्या आहेत. शिवाय दिवाळीनंतर बीड, धाराशिव, परभणी, जालन्याकडच्या लाखो जोड्या ऊसतोडीला जातात, त्यामुळे 26 जानेवारीच्या ग्रामसभेला गावातल्या सर्वांत कष्टकरी बायका कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात फडावर असतात. त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या रोजगार हमीचा आराखडा मंजूर होतो.

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे, तर मोठ्या पुढारी स्त्रियांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात आला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीपुढे आलेला आकडा तेरा हजारांच्या वर होता. हा प्रश्न गावात वर्षानुवर्षे सगळ्यांना माहीत होता, डॉक्टरांना, मुकादमांना, पुढाऱ्यांना. तो सभागृहात मांडायला तिथे बाई असावी लागली. म्हणून माझा आक्षेप वरच्या सभागृहांतल्या स्त्रियांवर नाही. त्या विषय नेतात, कायदे घडवतात. त्या मागच्यांना आपोआप ओढून नेतात, या समजुतीवर माझा आक्षेप आहे, कारण त्या समजुतीमुळे पक्षांना एका ताईचा फोटो लावून मोकळे होता येते.

2024 च्या विधानसभा निवडणुकीत तेच झाले. लाडकी बहीण योजनेच्या दीड हजार रुपयांनी म्हणा, प्रचाराने म्हणा, राज्यातल्या स्त्रियांचे मतदान 2019 मधल्या सुमारे 59 टक्क्यांवरून सुमारे 65 टक्क्यांवर गेले. मतदान केंद्रांवर बायकांच्या रांगा पुरुषांच्या रांगांहून लांब असल्याचे मी आमच्याच गावात पाहिले. आणि 288 आमदारांत स्त्रियांची संख्या 2019 मध्ये 24 होती, ती वाढायच्या ऐवजी कमी झाली. मराठवाड्यातल्या 46 जागांवर पाच स्त्रिया निवडून आल्या, जिंतूर, केज, भोकर, कन्नड आणि फुलंब्री येथून. या पाचपैकी चौघींच्या माहेरी किंवा सासरी आधीच आमदारकी किंवा खासदारकी होती. लातूर, धाराशिव, जालना आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतून एकही नाही. यातले लातूर आणि धाराशिव हे किल्लारीच्या बायकांचे जिल्हे आहेत, हे पुन्हा सांगायला हवे. मत देणारी बाई वाढली, मत मागणारी वाढली नाही.

याचे कारण शिडीच्या मधल्या पायऱ्यांत आहे. सरपंच झालेल्या बाईने पुढे जायचे ते पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेत. तिथेच तालुक्याची ओळख होते, पक्षाचे लोक नाव लक्षात ठेवतात, अधिकारी दबकतात. आणि मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपल्यावर, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकून, वर्षानुवर्षे तिथे प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला तोपर्यंत एक अख्खी पिढी त्या पायरीवर थांबून थकली होती. पुरुष कार्यकर्त्याला या काळात बाजार समिती, सोसायटी, साखर कारखाना, ठेकेदारी यांचा आधार होता. बाईला यातले काहीच नसते, तिच्यासाठी राखीव जागा एवढेच दार असते. जिल्हा परिषदेचा सभापती चहाला बोलावतो तो पुरुष कार्यकर्त्याला. बाई चहा करून देते. टँकरची वेळ बदलणाऱ्या त्या सरपंचबाईंची पुढच्या सोडतीत जागा गेली, आणि जिल्हा परिषदेच्या गटात उभे राहायचे म्हणून त्या तयारीत होत्या तर निवडणूकच नव्हती. आता त्या ‘उमेद’ या बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या ग्रामसंघाचे काम पाहतात, आणि चांगले पाहतात, पण पक्षाच्या तालुकाध्यक्षाला त्यांचे नाव विचारले तर तो त्यांच्या मालकांचे नाव सांगेल.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव केल्या आहेत. जनगणना आणि पुनर्रचनेनंतर ते अमलात येणार आहे. आजच्या 46 जागांचा हिशेब धरला तर मराठवाड्यातून पंधरा स्त्रिया विधानसभेत जातील. पक्षांना एका फटक्यात एवढ्या उमेदवार लागतील तेव्हा ते पहिल्यांदा कोणत्या घराची कडी वाजवतील, याचा अंदाज कोणीही करू शकतो. लेक, सून, आणि दुर्दैवाने कुठे विधवा पत्नी. त्यांच्यात कर्तबगार स्त्रिया नसतात असे मी म्हणणार नाही, पंकजाताईंनी ते दाखवून दिले आहे. पण ज्या हजारो बायका गेल्या तीस वर्षांत सरपंच, सदस्य, सभापती होऊन गेल्या, त्यांची यादी एकाही पक्षाच्या जिल्हा कार्यालयात नसावी, हे मला चालण्यासारखे वाटत नाही. ती यादी जिल्हा परिषदेच्या पंचायत विभागात आहे, मुदतवार आणि गाववार. कोणत्याही पक्षाच्या महिला आघाडीने एक दुपार तिथे घालवली तरी तालुक्यागणिक पाच-दहा नावे सहज निघतील. पहिल्या राखीव विधानसभेच्या उमेदवारी याद्या जाहीर होतील तेव्हा मी आडनावांच्या आधी प्रत्येकीचे पूर्वीचे पद वाचणार आहे, आणि माजी सरपंच हा शब्द किती नावांपुढे आहे ते मोजणार आहे.